स्लीव्ह शस्त्रक्रियेच्या आधीचे व नंतरचे आठवडे आणि घरची पेज

खाडीकाठ
२५ जून

नमस्कार. माझे वय ४३, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १२८ किलो आहे. मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन चालू आहे. १६ जुलैला कोल्हापूर येथे माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, ठरली आहे. मी वेंगुर्ले तालुक्यात राहतो आणि काजूच्या कारखान्यात हिशेब पाहतो, म्हणजे दिवसभर टेबलावर काजूगराची ताटली असते आणि तिला कोणी विचारत नाही.

रुग्णालयाने चार पानांचे आहारपत्रक दिले आहे. ते काळजीपूर्वक केलेले असावे, परंतु त्यात टोफू, ब्रोकोलीचे सूप आणि ग्रीक योगर्ट असे पदार्थ आहेत, जे आमच्या बाजारात मिळत नाहीत, आणि आमच्या चुलीवर रोज जे शिजते त्यांपैकी एकाचेही नाव नाही. दुसरीकडे माझी आई आहे. आमच्याकडे ताप असो, बाळंतपण असो वा हाड मोडलेले असो, माणसाला उकड्या तांदळाची पेज मिळते आणि त्यावर चर्चा होत नाही. ‘पेज नाय खाल्लंस तर ताकद खंयसून येतली?’ हा तिचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

मला विचारायचे आहे ते असे. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे भात-भाकरी जवळजवळ बंद करण्यास सांगितले आहे; हे खरोखर इतके आवश्यक असते का? नंतरच्या आठवड्यांत पेज, कुळथाची पिठी, सोलकढी, मासे यांतले काय आणि केव्हा चालते? घरी परतण्याची घाई करावी की काही दिवस कोल्हापुरातच राहावे? ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा घरात पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

रातांबा
२५ जून

दादा, चार वर्षांपूर्वी माझी हीच शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११४ किलो होते, आज ७६ आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. जे लिहिते आहे ते मला सांगितले गेलेले आणि माझ्या रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात टिकलेले आहे, म्हणून तुमच्या पत्रकाशी जिथे जुळणार नाही तिथे पत्रक खरे धरावे, किंवा फोन करून विचारावे.

आधीचे दोन आठवडे आवश्यक असतात. यकृताचा डावा भाग जठराच्या वर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना सर्जनना तो उचलून धरावा लागतो. आपल्यासारख्यांचे यकृत चरबीने फुगलेले, जड आणि नाजूक झालेले असते. ते उचलताना दुखावले तर रक्तस्राव होतो, आणि जागाच मिळाली नाही तर क्वचित शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवावी लागते. भात, भाकरी, साखर कमी झाली की यकृतातला साखरेचा साठा आणि त्याने धरून ठेवलेले पाणी आधी उतरते, मग चरबीही हलू लागते. म्हणून दिवसाला साधारण ८०० ते १००० किलोकॅलरी आणि त्यात प्रथिने भरपूर, असा तो आहार असतो. माझ्या ताटात सकाळी अंडी, दुपारी पडवळ किंवा दोडक्याची भाजी आणि वाटीभर घट्ट मुगाचे वरण, मधल्या वेळी ताक, रात्री दुधात कालवलेली प्रथिनांची पावडर असे असे. चौथ्या दिवशी डोके इतके दुखले की मी घरात सर्वांवर ओरडले. सहाव्या दिवसापासून ते थांबले. काजूगरांचे म्हणाल, तर १०० ग्रॅम काजूत साधारण ५५० किलोकॅलरी असतात, म्हणजे येता-जाता तोंडात टाकलेल्या दोन मुठीत तुमचे अर्ध्या दिवसाचे जेवण निघून जाईल. ती ताटली दुसऱ्याच्या टेबलावर पाठवा.

आता पेज. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते, जिच्यात एका वेळी साधारण १०० ते १५० मिलीलीटर मावते. सुरुवातीला सूज असल्यामुळे त्याहूनही कमी. त्या नळीच्या एका कडेने वरपासून खालपर्यंत स्टेपलची (धातूच्या बारीक टाक्यांची) रांग असते आणि ती भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडू नये, यासाठी आहार पातळापासून घट्टाकडे सरकवतात: पहिले एक-दोन दिवस पाणी, निवळ (पेजेवरचे पातळ पाणी) आणि शहाळे, दुसरा आठवडा संपेपर्यंत दूध, ताक, गाळलेले कढण असे पातळ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुठळी नसलेले लापशीसारखे, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, चिमुकल्या प्रमाणात. या क्रमात पेज रूपाने अगदी चपखल बसते, आणि म्हणूनच ती फसवते. भरून येण्यासाठी आणि स्नायू झिजू नयेत म्हणून दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात; वाटीभर पातळ पेजेत ती जेमतेम एक-दीड ग्रॅम असतात. त्या पेजेने पोटातली सगळी जागा अडवली की पुढचा दीड तास दुसरे काही आत जात नाही. मी पहिल्या आठवड्यात आईच्या समाधानासाठी दिवसातून तीनदा पेज घेतली आणि दहाव्या दिवशी न्हाणीघरात उभी राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आहारतज्ज्ञांनी दिवसभराचे लिहून मागवले आणि मोजले तेव्हा प्रथिने २२ ग्रॅम भरली.

तेव्हा पेज सोडायची नाही, तिच्यात काहीतरी घालायचे. आमच्याकडे पुढे असे ठरले की पेजेची निवळ अर्धी वाटी आणि तिच्यात बिनचवीची प्रथिनांची पावडर; पण निवळ कोमट झाल्यावर, कारण उकळत्यात टाकली की तिच्या गुठळ्या होतात. कुळीथ पेजेपेक्षा फार वरचढ आहे: १०० ग्रॅम पिठात २० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात, म्हणजे दोन मोठे चमचे पीठ घेतले तर चार ग्रॅम तरी पदरात पडतात. पिठी पातळ करावी, लसूण ठेचून फोडणीत घातला तरी गाळताना काढून टाकावा, मिरची वर्ज्य, कोकम अगदी नावाला. दुधाचे बळ वाढवायचे असेल तर पेलाभर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी. मूळचे साडेसहा आणि वरचे पाच, असे अकरा-बारा ग्रॅम होतात. काहींना शस्त्रक्रियेनंतर दूध पचत नाही, पोट गुरगुरते आणि जुलाब होतात. त्यांनी ताक किंवा चक्का पातळ करून घ्यावा. नाचणीच्या सत्त्वाबद्दल माझे मत चांगले नाही. नाचणीत कॅल्शियम पुष्कळ असते हे खरे, पण गाळून काढलेले सत्त्व म्हणजे बहुतांशी पिष्टच, आणि त्यात गूळ घातला की ते मधुमेह्याच्या कामाचे राहत नाही. सोलकढीतले नारळाचे दूध पहिल्या महिन्यात जड जाते. मी पाचव्या आठवड्यात चार चमचे घेतली आणि त्याच दिवशी कळले की आंबट आणि तेलकट एकत्र अजून नको.

पाण्याची शिस्त मात्र खाण्याहून कठीण आहे. दिवसाला दीड-दोन लिटर जायला हवे आणि एका वेळी दोन घोटांहून जास्त जात नाही. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे १० मिलीचे टोपण धुऊन जवळ ठेवले होते. दर पंधरा मिनिटांनी तीन टोपणे, फोनवर गजर लावून. जागेपणीचे चौदा तास असे केले तर सव्वासोळाशे-सतराशे मिलीलीटर होतात. खाताना पाणी प्यायचे नाही आणि खाल्ल्यावर अर्धा तास थांबायचे. सोडा, थंड पेये आणि नळीने पिणे बंद. लघवी गडद पिवळी दिसू लागली की समजावे, टोपण चुकते आहे.

परिचारिका_निवृत्त
२६ जून

मी जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षे परिचारिका होते, त्यामुळे जेवणाचे रातांबाताईंवर सोपवून मी औषधांचे आणि प्रवासाचे लिहिते.

खाडीकाठ यांनी आजच्या आज करायचे काम म्हणजे आपल्या दोन गोळ्यांची नावे पाहणे. त्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणारी गोळी असेल, तर भात-भाकरी सोडण्याआधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलावे. अशी गोळी चालू असताना पिष्ट एकदम कमी केले किंवा उपाशीपोटी शस्त्रक्रिया झाली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनचे आम्ल साठण्याचा धोका असतो. म्हणून ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, आणि आहार बदलतानाच बंद करायची का हे डॉक्टर ठरवतात. इन्सुलिनचे तसेच. भात थांबला आणि इन्सुलिन पूर्वीइतकेच राहिले तर पहाटे साखर उतरेल, घाम फुटेल आणि घरचे समजतील की उपासाने चक्कर आली. २ जुलैपासून साखर दिवसातून तीन-चार वेळा तपासावी आणि आकडे वहीत लिहावेत. नंतर गोळ्या गिळताना अडकत असतील तर आपण होऊन कुटू नयेत. मेटफॉर्मिनचा दीर्घकाळ विरघळणारा प्रकार कुटून घेता येत नाही, त्याऐवजी साधा प्रकार लिहून घ्यावा लागतो. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी असेल तर तिचेही पुन्हा ठरवून घ्यावे, कारण पाणी कमी जात असताना ती जुन्या मात्रेत घातक ठरते.

परतीच्या प्रवासाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत सोडतील. परंतु तुम्ही लगेच आंबोली घाट उतरू नये. स्टेपलच्या रांगेतून गळती झालीच तर ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उघडी पडते, आणि जुलैमध्ये दरड कोसळून घाट केव्हा बंद होईल याचा भरवसा नसतो. नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या खोलीत आठ-दहा दिवस कोल्हापुरातच राहावे आणि पहिली तपासणी करूनच निघावे. निघाल्यावर गाडी दर तासाला थांबवून पाच मिनिटे चालावे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावे. पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर देण्याची सुई लिहून दिली असेल तर तिचा एकही दिवस चुकवू नये. पाऊस आहे म्हणून चालणे बुडते, तर पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावे.

आता जे पाहून फोन उचलायचा ते. विश्रांतीत असूनही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात वाढत जाणारी कळ, धाप लागणे, एका पोटरीला सूज आणि दुखणे, पाण्याचा घोटही न टिकणे. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, तो शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे, आणि चालल्याने कमी होतो. मात्र आठवड्यानंतर डावा खांदा नव्याने दुखू लागला आणि नाडीही वेगात असेल तर त्याला वायू म्हणून सोडू नये. अशा वेळी गावातल्या डॉक्टरांना प्रथम सांगावे की शस्त्रक्रिया कोणती आणि किती दिवसांपूर्वी झाली, डिस्चार्ज कार्डाची प्रत दाखवावी आणि तिथूनच कोल्हापूरच्या सर्जनना फोन लावून द्यावा. अॅसिडिटीची सुई घेऊन घरी परतलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम लिहिते. आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘सलाइन लावून घ्या’ असे म्हणतात. अनेक दिवस उलट्या होत असलेल्या अशा रुग्णाच्या शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते, आणि त्या स्थितीत ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हे आहेत. तेव्हा सलाइनच्या आधी बी-१ द्यावे लागेल का, हे नातेवाइकांनी स्वतःहून विचारावे. विचारल्याबद्दल कोणी रागावले तरी विचारावे.

भरती_ओहोटी
२७ जून

आम्ही मालवणकडचे, घर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणाऱ्यांचे, आणि माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह नसून बायपास आहे. तिच्यात वर जेमतेम ३० मिलीलीटरची पिशवी ठेवतात आणि अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. त्यामुळे माझे नियम थोडे अधिक कडक आहेत, परंतु माशांबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

तुमची तारीख एका अर्थाने सोयीची पडली आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, म्हणजे तुमचे पातळ आहाराचे दिवस अशा काळात जातील जेव्हा ताजा मासा घरात क्वचितच असेल आणि वासाने जीव जळणार नाही. सुक्या माशाकडे मात्र वळू नका; खारवलेला सुका बांगडा वा सोडे मिठाने भरलेले आणि तंतूने चिवट असतात. ऑगस्टच्या मध्यावर तुम्ही मऊ आहाराला लागाल तेव्हा पहिला मासा मुडदुशी असू द्या. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला ती देण्याची आपल्याकडची रीत मला या बाबतीत पूर्ण बरोबर वाटते: मांस पांढरे, हलके, बोटाने दाबले तरी सुटते. हळद-मीठ लावून थोड्या पाण्यात शिजवावी, काटे माणसाने स्वतः काढावेत, दुसऱ्याने काढलेल्यावर विसंबू नये, आणि काट्याने दाबून तिचा अक्षरशः लगदा करावा. बहुतेक माशांत १०० ग्रॅममध्ये साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. ओला बोंबील मऊ असला तरी त्यात पाणीच जास्त, म्हणून तो या हिशेबात मागे पडतो. त्यानंतर पापलेट, मग सुरमई. बांगड्याला दोन महिने थांबावे. कोळंबी आणि माकूल रबरासारखी होतात, ती सर्वांत शेवटी. कालवे आणि तिसऱ्या मी आजही जपून खातो.

सुरमईने मला कसे शिकवले ते सांगतो. पाचव्या आठवड्यात भावाने तळलेल्या तुकडीतला कडेचा भाग दिला, मी बोलण्याच्या नादात तीनदा चावून गिळला. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखे झाले, तोंडात लाळेचा फेस येऊ लागला, पाण्याने खाली जाईल म्हणून घोट घेतला तर तोही परत आला. चाळीस मिनिटे मी मागच्या दारी पायरीवर वाकून बसलो होतो आणि शेवटी उलटीने सुटका झाली. तेव्हापासून नखाएवढा घास, वीस-पंचवीस वेळा चावणे, घास पोटात गेल्यावर मग पुढचा घास, आणि जेवताना गप्पा नाहीत. आमच्या घरात हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. तांदळाची भाकरी आणि घावणेसुद्धा असेच चिकटून बसतात. वरणात पूर्ण विरघळवून खाल्ले तरी मी ते तीन महिन्यांनीच घेतले.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या डोक्याने केलेली आहे. आठव्या महिन्यात कंबर दुखत होती म्हणून शेजाऱ्याकडची वेदनाशामक गोळी सलग पाच दिवस घेतली. सहाव्या दिवशी विष्ठा काळी झाली. पिशवीच्या जोडावर व्रण पडला होता. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बायपासवाल्याने घ्यायच्याच नसतात, हे माझ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले होते. स्लीव्हवाल्यांनीही त्या सर्जनना विचारल्यावाचून घेऊ नयेत. दुखल्यास पॅरासिटामॉल.

खाडीकाठ
२८ जून

सर्वांचे मनापासून आभार. गोळ्यांची नावे पाहिली. त्यांत डापाग्लिफ्लोझिन निघाली. आजच डॉक्टरांना भेटलो. त्यांनी ती १ जुलैपासून बंद करण्यास आणि इन्सुलिन कमी करण्यास सांगितले आहे, आणि शस्त्रक्रिया ठरल्याचे आपल्याला आधी का कळवले नाही असेही विचारले. चूक माझी होती.

आणखी दोन शंका आहेत. गणपती शस्त्रक्रियेनंतर साडेआठ आठवड्यांनी येतात. दरवर्षी मूर्ती चित्रशाळेतून मीच डोक्यावरून आणतो, आणि घरात उकडीचे मोदक होतात. दुसरे म्हणजे, घरात आम्ही नऊ माणसे असताना एका माणसाचे टोपणभर जेवण कोणी आणि कसे सांभाळायचे?

माजघर
२८ जून

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते सगळे माझ्या हातून गेले. वेगळा स्वयंपाक करू नका, नाहीतर दहाव्या दिवशी करणारी बाई थकेल आणि तुम्हाला अपराधी वाटेल. घरच्याच पदार्थातून फोडणी-मिरचीच्या आधी तुमचा वाटा काढायचा. डाळ शिजली की घोटून एक वाटी बाजूला, मग उरलेल्यात फोडणी. पिठी शिजली की दोन पळ्या पंचातून गाळून, मग इतरांची मिरची. मी रविवारी मुगाचे घट्ट कढण करून बर्फाच्या साच्यात गोठवत असे; एका खणात साधारण १५ मिलीलीटर, त्यामुळे दोन तुकडे गरम केले की एका वेळचे काम भागे. वाटी लहान घ्या, चमचा चहाचा घ्या, आणि उरले तर उरू द्या. ‘एवढेसे काय टाकतोस’ हे वाक्य घरात महिनाभर कोणी उच्चारायचे नाही, असे मी सासूबाईंना हात जोडून सांगितले होते.

आईंचे म्हणाल तर त्यांना पेजेपासून दूर करू नका. पेज त्यांनीच करावी, कुळीथही त्यांनीच भाजून दळावा, फक्त कशात किती प्रथिने हे त्यांना एकदा समोर बसवून सांगावे. आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर रेघा मारून रोजचे ग्रॅम लिहायला सुरुवात केली, आणि ६० च्या खाली गेले की त्याच ओरडत.

रातांबा
२९ जून

मोदकाचे मी सांगते. सारणात नारळ आणि गूळ, बाहेर तांदळाची उकड, म्हणजे तुमच्यासाठी नको ते तिन्ही एकत्र. साखर-गूळ झपाट्याने आतड्यात उतरला की दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात; याला डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना ते अधिक होते, पण स्लीव्हमध्येही होते. काहींना दोन-तीन तासांनी साखर एकदम उतरून हात थरथरतात, आणि तुम्ही मधुमेहाची औषधे घेत असल्याने हे दुसरे तुमच्यासाठी जास्त काळजीचे. मी पहिल्या वर्षी नैवेद्याच्या मोदकाची कळी मोडून तेवढीच प्रसाद म्हणून घेतली, तीही जेवणात मासा-अंडे झाल्यावर, रिकाम्या पोटी नव्हे.

मूर्तीबद्दल: पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंहून जड काही उचलायचे नसते. तुमची मुदत तोपर्यंत उलटलेली असेल, तरी ओल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून डोक्यावर ओझे घेऊन चढणे ही वेगळी गोष्ट आहे. यंदा पुतण्याला पुढे करा आणि तुम्ही छत्री धरा.

आणि एक, जे कोणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतील. शरीराला बसलेल्या धक्क्याने ते होते आणि प्रथिने, लोह व्यवस्थित असतील तर परत येतात; तेलाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही, मध्ये दोन तास ठेवायचे, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात का हेही विचारून ठेवा.

खाडीकाठ
२८ जुलै

शस्त्रक्रिया १६ तारखेला ठरल्याप्रमाणे झाली. यकृत अपेक्षेपेक्षा लहान दिसले असे सर्जन म्हणाले. रुग्णालय आणि मावसभावाचे घर धरून दहा दिवस कोल्हापुरात राहिलो आणि परवा आंबोलीमार्गे उतरलो. चार वेळा गाडी थांबवून धुक्यात चाललो. आज बारावा दिवस आहे. वजन ११६ किलो, इन्सुलिन पूर्ण बंद, सकाळची साखर ११८.

काल प्रथिने ५८ ग्रॅम झाली. आईने आपल्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यातून पिठी दोनदा गाळली, टोपणाने मोजून पेल्यात ओतली आणि मग फडक्यात उरलेला चोथा मला दाखवून विचारले, यातले ग्रॅम कोणाच्या खात्यावर लिहायचे. त्याचे उत्तर कोणाकडे असेल तर कळवावे. तिसऱ्या आठवड्यापासून चोथ्यासकट घोटून दिली तर चालेल ना?

रातांबा
२८ जुलै

चालेल, पण परवा, चौदा दिवस पूर्ण झाल्यावर आणि आहारतज्ज्ञांनी होकार दिल्यावर. मिक्सरमधून काढावी, चमच्यावरून सावकाश घसरेल इतकी पातळ ठेवावी, आणि पहिल्या दिवशी चारच चमचे.